माझे हातमोजे बसने जात नाहीत

सोमवार, ८ जानेवारी. सकाळी.

हातमोजे चोरीला गेले. सायकलचे, खास थंडीचे, काळे. हरवले असं मी लिहिणार नाही. बस डेपोत गहाळ सामानाच्या खिडकीवर इतकी वर्षं बसलेला माणूस वस्तू हरवत नाही. जग हरवतं, मी सांभाळतो.

सगळं घर उलथंपालथं केलं. कपाट, माळा, वॉशिंग मशीन. बायको चहा पीत बघत होती. शेवटचे कुठे काढले ते आठवा, म्हणाली. आठवत असतं तर गादी उचलली असती का? वर काखेत कळसा म्हणून पुटपुटली. हिच्याकडे मदत मागितली की म्हण मिळते.

साधे हातमोजे असते तर सोडून दिले असते. हे लेकीने पाठवलेले. गेल्या हिवाळ्यात छातीत कळ आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले चालत्या गाडीसारखं राहा, रोज हलत राहा. लेकीने सायकल घेऊन दिली, थंडी सुरू झाल्यावर हातमोजे पाठवले. मी शब्द दिला, रोज सायकलने कामावर जाईन. रोज सकाळी तिला ‘निघालो’ असा मेसेज टाकतो. एकही दिवस चुकवलेला नाही. मेसेज.

पार्सल आलं त्या दिवशी फोनवर तिने पहिला प्रश्न विचारला, करंगळी ठीक आहे ना? मी म्हटलं उत्तम. लेकीला बापाच्या बोटाबोटाची काळजी. माझी डावी करंगळी लहानपणी सायकलच्या चेनमध्ये सापडली, तेव्हापासून अर्धीच आहे. कुठलाही हातमोजा घातला की रिकामं टोक लोंबतं आणि ब्रेकमध्ये अडकतं. या हातमोज्यांनी तो त्रास मला एकदाही दिला नाही. वस्तू म्हणजे वस्तू होती. रोजच्या वापराने तळवे झिजून मऊ पडले होते.

या रविवारी नाही, पुढच्या रविवारी लेक येतेय. दोघांनी सायकलने तलावापर्यंत जायचं ठरलंय. तोवर सापडले नाहीत तर मी तोंड कुठे दाखवू?

आज अर्थात बसने. हातमोज्यांशिवाय या थंडीत सायकल चालवणं म्हणजे पुन्हा डॉक्टर. शुक्रवारीही बसनेच गेलो होतो, पण तेव्हा वारा समोरून होता.

मंगळवार, ९ जानेवारी.

चोर सापडला. वरच्या मजल्यावरचा. मी त्याला हेल्मेट म्हणतो, कारण तो जिन्यातसुद्धा हेल्मेट घालून असतो. रोज पहाटे सायकलवर जातो आणि परत येताना घामाचा वास सगळ्या जिन्यात ठेवून जातो. आज त्याच्या हातात काळे हातमोजे! मला बघून हसला. काका, सायकल कधी काढताय बाहेर, असं विचारलं. तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तसाच खाली गेलो, म्हटलं सायकल काढूनच दाखवतो. दोन्ही चाकांत हवा नाही. हेही त्याचंच काम. मागच्या चाकात कोळ्याने जाळं विणलंय. एका रात्रीत! हल्ली कोळीसुद्धा कुठे काय करतील नेम नाही.

नाइलाजाने बस. कंडक्टरने माझी मागची खिडकीची सीट धरून ठेवली होती. चांगला माणूस.

बुधवार, १० जानेवारी. खिडकीवर.

दिवसाची सुरुवात एका आजोबांनी. चष्मा हरवला म्हणाले. मी नियमाप्रमाणे विचारलं, फ्रेमचा रंग कोणता? म्हणाले, चष्म्याशिवाय दिसत नाही, रंग काय सांगू? मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी माझी, अक्षर माझं: ज्याला आपली वस्तू ओळखता येत नाही, त्याची ती वस्तू नाही. त्यांना पाटीही दिसत नव्हती, मग मी वाचून दाखवली. चिडून गेले. सुनेला घेऊन परत या, असं ओरडून सांगितलं. नियम म्हणजे नियम.

मग कंडक्टर आला. शनिवार ते सोमवार सुट्टीवर होता, काल संध्याकाळी बॅग रिकामी करताना त्याला त्यात शुक्रवारी मागच्या सीटवर सापडलेले हातमोजे दिसले. काळे, सायकलचे. साहेब, तुमचे तर नव्हेत, असं विचारून दात दाखवले. मी सुनावलं, माझे हातमोजे बसने जात नाहीत, सायकलने जातात. तो माझ्याकडे बघत राहिला. मग बरं साहेब म्हणून गेला. या ‘बरं’चा सूर मला आवडला नाही.

तरी प्रामाणिकपणे तपासले. कंपनी तीच, माप तेच. पण या कंपनीचे हातमोजे हल्ली कुत्रंसुद्धा घालतं. आणि फरक किती! माझे तळवे झिजलेले, हे कोरे करकरीत. किमतीचं लेबल अडकवतात तो प्लॅस्टिकचा दोरासुद्धा तसाच. म्हणजे मालकाने एकदाही हात घातलेला नाही. आणि कंपनीचा ढिसाळपणा बघा, डाव्या हाताची करंगळी अर्ध्यात शिवून टाकलेली! सदोष माल. घालून बघितला असता तर पहिल्याच दिवशी दुकानात परत केला असता, पण घालायचे कुणाला आहेत?

असल्या लोकांची मला मनस्वी चीड आहे. हातमोजे सायकलचे घ्यायचे, मिरवायचे बसमध्ये. घरच्यांना सांगत असेल, मी सायकल चालवतो. ढोंगी लेकाचा. कुणीतरी प्रेमाने दिले असतील, त्याची किंमत नाही. कपाटात ठेवले. मागायला आला की चांगले चार शब्द ऐकवणार आहे.

शुक्रवार, १२ जानेवारी.

काल जिन्यात सूचना लावली. ‘या इमारतीतील एका रहिवाशाचे सायकलचे हातमोजे दुसऱ्या एका रहिवाशाने परस्पर वापरात आणले आहेत. हेल्मेट घातल्याने कृत्य लपत नाही.’ नाव घेतलं नाही. मी सभ्य माणूस आहे.

आज संध्याकाळी हेल्मेट दारात. हेल्मेट काढून आला होता, पहिल्यांदाच त्याचे केस बघितले. रागावलाही नाही, हीच त्याची लबाडी. हातमोजे माझ्या हातात देऊन म्हणाला, बघा काका, तुमचे असतील तर ठेवा. मी डावा घालून बघितला. करंगळीचं टोक लोंबलं. माझ्यात असं कधी झालं नव्हतं. म्हणजे हे माझे नव्हते. पण हे त्याला कशाला सांगू? म्हटलं, या वेळी सोडून देतो.

तो गेल्यावर बायको कडाडली. गेल्या वर्षी छातीत कळ आली तेव्हा कुणी गाडी काढली होती, कुणी उचलून जिन्यातून खाली नेलं होतं, विसरलात का? विसरलो नाही. पण गाडी त्याची होतीच, आणि उचलताना माझं डोकं कठड्याला लागलं होतं तेही विसरलो नाही.

ही स्वतः जाऊन सूचना फाडून आली. आज माझ्याशी बोलत नाहीये. घरात शांतता आहे, ती मात्र बरी वाटते.

रविवार, १४ जानेवारी.

संकल्प. चोर मिळो न मिळो, आठवडाभर सराव करायचा. रोज दहा किलोमीटर. लेकीला दम लागेल, मला नाही.

सकाळी हवा भरली, जाळं काढलं. हातांना हातमोजे नाहीत म्हणून पायाचे लोकरी मोजे हातात चढवले. त्यात बोटंच नसतात, त्यामुळे ब्रेक धरता येत नाही, घंटी वाजवता येत नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत छान गेलो. तिथे चढ आहे. चढ आहे हे इतके दिवस बसमधून कधी लक्षात आलं नव्हतं. छाती भात्यासारखी वर-खाली. दुकानदाराने स्टूल दिलं, पाणी दिलं, हातातल्या मोज्यांकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

परत येताना सायकल हातात धरून आलो. चालणं हाही व्यायामच आहे. डॉक्टर हलत राहा म्हणाले होते, कशावर ते म्हणाले नव्हते.

एकूण दहा नाही, पण सुरुवात झाली.

सोमवार, १५ जानेवारी.

पाय दुखतात. बस.

मंगळवार, १६ जानेवारी.

लेकीचा मेसेज: बाबा, हँडलवर हात ठेवून एक फोटो पाठवा ना, हातमोजे घातलेला. मैत्रिणीला दाखवायचाय.

फोटो! बापावर विश्वास नाही? मी बसमध्ये उभा राहिलो एकदम, मागचा माणूस खाली बसा म्हणून ओरडला. त्याच्याशी भांडलो. लेकीला कळवलं, चालत्या सायकलवर फोटो काढणं धोक्याचं आहे. तिने लिहिलं, अगदी बरोबर, जपून जा. मग मलाच कसंतरी झालं. बसची खिडकी नीट लागत नव्हती त्यामुळे असेल.

संध्याकाळी सायकलच्या दुकानात गेलो. तसेच दाखवा म्हटलं. तो माल संपला म्हणाला, निळे आहेत. लेकीने काळे दिले आणि मी निळे घालून जाऊ? त्याला म्हटलं, तुमच्यासारख्या दुकानदारांमुळे लोक चोऱ्या करतात. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. शिष्टाचार राहिलेला नाही.

गुरुवार, १८ जानेवारी. खिडकीवर, दुपारी.

आजोबा सुनेला घेऊन आले. तपकिरी फ्रेम, डाव्या दांडीला तार गुंडाळलेली. अगदी बरोबर. चष्मा डोळ्यांवर चढवल्या चढवल्या त्यांनी माझी पाटी वाचली, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि निघून गेले. आभार नाहीत.

त्या ढोंगी माणसाचे हातमोजे अजून कपाटातच. मागायला कुणी येत नाही. येणारच नाही, लाज वाटत असेल.

एक विचार आला. लिहून ठेवतो, म्हणजे स्वच्छ दिसेल. कपाटातली वस्तू बाहेर जाऊ नये हा नियम कुणी केला? मी. नियमामागचा हेतू कुणाला सर्वांत जास्त कळतो? मलाच. हेतू असा की वस्तू योग्य हातात राहावी. रविवारपुरती ती माझ्या हातात राहिली, तर माझ्यापेक्षा योग्य हात कोणते? सोमवारी परत कपाटात. शिवाय न वापरलेली वस्तू पडून खराब होते. मालकावर हे एक प्रकारे उपकारच आहेत.

पलीकडच्या खिडकीत पास देणारी बाई म्हणाली, आज खुशीत दिसता. मी म्हटलं, मी नेहमीच खुशीत असतो. ती मोठ्याने हसली. कारण कळलं नाही.

शनिवार, २० जानेवारी. संध्याकाळी.

हातमोजे घरी आणले. बायको मंडईत गेलीय तोवर काम उरकायला हवं. लेक उद्या सकाळी पहिल्या बसने येणार.

हे माझे वाटायला हवेत. पहिलं काम, लेबलचा दोरा कापला. दुसरं, तळवे झिजवणं. दाराचा रंग काढायला आणलेला पॉलिश पेपर होता, त्याने घासले. सुंदर झिजले. रोज हँडल धरणाऱ्या माणसाचे तळवे अगदी असेच दिसतात.

तिसरं काम करंगळीचं. माझ्या हातमोज्यांत असला दोष नव्हता, लेकीच्या लगेच लक्षात येईल. म्हणून ती आखूड शिवण उसवायला बसलो. मशीनची शिवण असेल, एक टोक ओढलं की सरसर सुटेल असं वाटलं होतं. कसली सुटतेय! दुहेरी दोरा, बारीक टाके, एकावर एक. आतून तर पुन्हा दुसरी शिवण. एकदा जमलं नाही म्हणून कंपनीने परत शिवलंय जणू. दाढीच्या ब्लेडने एकेक टाका कापला, अंगठा कापून घेतला, कंपनीला यथेच्छ शिव्या दिल्या. शेवटी आत एक लहानशी गाठ निघाली. हल्ली कंपन्या गाठीसुद्धा मारतात!

पण निघालं. करंगळी सरळ झाली, पूर्ण लांबीची, बाकीच्या बोटांसारखी. सुईची भोकं आहेत, पण कोण बघतंय.

एवढ्यात बायको आली. सापडले? कुठे? मी म्हटलं, ऑफिसात. तिने पिशवी खाली ठेवली, डावा हातमोजा उचलला, करंगळीवरून बोट फिरवलं. टेबलावर दोऱ्याचे तुकडे होते, ते बघितले. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बोल, आहे का एखादी म्हण? ती आत जाऊन भाजी निवडत बसली.

काय ही बाई! नवऱ्याचा प्रश्न सुटला तरी तोंड पाडून बसते.

रविवार, २१ जानेवारी. सकाळी.

लेक आली. तिने हेल्मेटची सायकल मागून घेतली. तो हरामखोर लगेच द्यायला तयार, वर सीटची उंचीसुद्धा बसवून दिली. असो. थंडी कडक, आकाश स्वच्छ, हातमोजे तयार. तळवे बघून लेकीचे डोळे भरून आले. किती झिजवलेत बाबा, म्हणाली. मी फक्त मान डोलावली. निघतोय.

रविवार, संध्याकाळी.

तलाव झाला नाही.

औषधाच्या दुकानाचा चढ मी उतरून चढलो, लेकीला म्हटलं ही तंत्राची बाब आहे. पलीकडे उतार. उतारावर सायकल वेगात सुटली, मी ब्रेक धरायला गेलो आणि डाव्या करंगळीचं रिकामं टोक ब्रेकच्या दांडीत अडकलं. दांडी दाबली जाईना, हात सुटेना. समोर कचऱ्याचा डबा होता म्हणून बरं.

लागलं नाही. लेक धावत आली. आधी तिने माझे गुडघे बघितले, मग हात. मग करंगळीचं ते टोक दोन बोटांत धरून बघत राहिली. हातमोजा माझ्या हातातून काढला, उलटा केला. सुईची भोकं बघितली.

विचारलं, इथली शिवण कुठे गेली?

मी म्हटलं, तो कंपनीचा दोष होता, मी दुरुस्त केला.

तिने हातमोजा परत सुलटा केला. मग म्हणाली, ती मी घातली होती बाबा. ब्रेकमध्ये अडकू नये म्हणून. तुमच्या बोटाचं माप आठवेना, म्हणून स्वतःची करंगळी दुमडून अंदाज घेतला, तो लांब झाला म्हणून परत उसवून शिवली.

मग तिने विचारलं, कधी उसवलीत? मी खरं सांगितलं, काल. तोंडून निघून गेलं.

काल, म्हणाली. आणि परत तेच, काल. मग तळव्यांवरून अंगठा फिरवला. पॉलिश पेपरची भुकटी तिच्या अंगठ्याला लागली.

मला वाटलं ती ओरडेल. तयारीत होतो, ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं असतात. ती ओरडली नाही. दोन्ही हातांत दोन सायकली धरून चालत निघाली, मी मागून. फाटकाशी आल्यावर फक्त एवढं म्हणाली, तुमचा ‘निघालो’ आला की कळायचं बाबा ठीक आहेत, मग मी कामाला निघायचे. कधी उशिरा यायचा, तेव्हा थांबायचे. दोनदा त्यावरून ऑफिसात ऐकून घेतलंय.

हेल्मेट जिन्यात भेटला. काका, लागलं का, असं विचारलं. मी त्याला म्हटलं, सूचना चुकून लागली होती. तो म्हणाला, कुठली सूचना? त्याचाही राग आला.

सोमवार, २२ जानेवारी. खिडकीवर.

लेक पहाटेच्या बसने गेली. मला उठवलं नाही. मी जागा होतो, पण उठलो नाही.

टेबलावर हातमोजे होते. करंगळी पुन्हा शिवलेली. काळा दोरा घरात नव्हता, म्हणून पांढऱ्याने. सगळ्या जगाला दिसेल अशी.

बसने आलो. कंडक्टरने हातांकडे बघितलं. साहेब, मालक सापडला वाटतं, म्हणाला. मी हो म्हटलं. त्याने माझी सीट पुसून दिली.

भिंतीवरची पाटी काढून कपाटात ठेवली. मॅनेजरने विचारलं तर सांगेन, खिळा सैल झाला होता. पास देणाऱ्या बाईने विचारलं, तिला तसंच सांगितलं. ती आज हसली नाही, त्यामुळे जास्तच चीड आली.

उद्यापासून सायकल. असं लिहिलं होतं, खोडलं.

सकाळी बसमध्ये लेकीला ‘निघालो’ लिहिलं. पाठवलं नाही. पुढे ‘बसने’ असं जोडलं आणि मग पाठवलं. तिने वाचलंय, तसं दिसतंय. उत्तर नाही.

थंडी फार आहे. हातमोजे घालूनच लिहितोय, म्हणून अक्षर असं येतंय. करंगळी बरोबर बसते.